तेल म्हणजे करडीचं

वैशाखातल्या सुट्टीत मी सोलापूरहून उस्मानाबादला आले ती अण्णांची गाडी साफ करायला. अण्णा म्हणजे माझे वडील, विष्णुपंत वकील. ते जाऊन दीड वर्ष होत आले होते. आईला आता एकटी ठेवायची नाही, पुण्याला आपल्या घरी न्यायची, असे राघवेंद्रदादाने ठरवले होते. गाडी मात्र पुण्याला जाणार नव्हती. नळदुर्गला हमरस्त्यावर ढाबा चालवणाऱ्या वीरप्पांनी ती मागितली होती. सोलापूरपर्यंत प्रवासी नेता येतील, असा त्यांचा विचार होता.

आईने विरोध केला नाही. तिची एकच अट होती.

"द्यायची तर त्यांनी ठेवली होती तशी द्यायची," ती म्हणाली. "त्यांच्या जागेवर उद्या कुणीतरी दुसरा बसणार. बसताना त्याला वाटलं पाहिजे, ही कुणाची तरी जागा होती म्हणून."

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. सीट कशी साफ करायची हे मला कळेल, असे तिने गृहीत धरले होते. मीही धरले होते.

गाडी काळी हिलमन. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला निघून गेलेल्या एका अधिकाऱ्याकडून अण्णांनी ती घेतली होती. आत डाळिंबी रंगाच्या चामड्याच्या सीटा होत्या आणि दारांना आतून त्याच रंगाचे रेक्झिन लावलेले होते. लांबून दोन्ही सारखीच दिसत. हात लावला की फरक कळे. रेक्झिन गार लागे आणि गारच राही. चामडे हाताची ऊब घेई.

पण चामडे ते चामडे. आईचे माहेर तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. गाडी दारात आली त्या दिवशी तिने आत डोकावून पाहिले आणि ती दोन पावले मागे सरकली.

"यात मी बसायची नाही. देवीला जायचं आणि मेलेल्या बैलावर बसून?"

"ऋषी हरणाच्या कातड्यावर बसायचे," अण्णा म्हणाले. "मग बैलानंच काय घोडं मारलंय?"

"तुम्ही आधी ऋषी व्हा. मग बोलू."

या वादात वकिलाची सरशी झाली नाही. तोडगा काढला हरणाबाईने. हरणाबाई आमच्या शेतावरच्या धुळाप्पाची बायको. धनगराची लेक, माहेर भूमकडचे, ईट गावचे. तिने माहेराहून एक काळी घोंगडी आणून दिली. लोकरीला विटाळ नसतो. घोंगडी पुढच्या सीटवर डाव्या अंगाला अंथरली आणि आई त्यावर बसली. त्यानंतर तुळजापूर असो की कुणाचे लग्न, ती कायम तिथेच बसे. पदराचे टोकही घोंगडीबाहेर जाऊ नये म्हणून सगळे आवरून मांडीवर घेई. शेजारी, उघड्या चामड्यावर, अण्णा चाक धरून बसत.

मी दारांपासून सुरुवात केली. हँडलच्या मागे, दिसणार नाही अशा कोपऱ्यात, थोडे स्पिरिट लावून पाहिले. कापसावर लाल रंग आला. मग स्पिरिट बाजूला ठेवले. साबणाचा फेस, पिळलेले फडके, आणि लगेच कोरडे पुसणे. रेक्झिनला एवढे पुरले. मग मागची सीट. चामड्यात पाणी मुरू द्यायचे नसते, म्हणून नुसता फेस घेतला. शिवणींतली धूळ दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली. चामडे कोरडे पडले होते, बारीक रेघा आल्या होत्या, पण शाबूत होते. आई दारात पाटावर बसून गहू निवडत होती. मधूनच मान उचलून बघत होती.

"अगं, लाल दिसायला लागली की," ती म्हणाली.

"होती तशी होईल आई."

हे मी म्हणाले तेव्हा अण्णांची जागा अजून नीट पाहिली नव्हती.

तिथे हात टेकला तो चिकटला. उचलताना बारीक आवाज झाला. सीट काळपट झाली होती आणि तिच्यावर काच ओतल्यासारखी चमक होती. बोटाने दाबले तर कडेला कडक, मध्ये उन्हाने मऊ झालेली, आणि त्या मऊपणात धूळ, केस, एक मेलेली मुंगी अडकलेली. वास ओळखीचा होता. पण गाडीतला नव्हता. मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले. चुलीमागच्या भिंतीवर, तेलाच्या बरणीच्या गळ्याभोवती, पिवळट तपकिरी थर साचलेला असतो, नखाने खरवडला तरी निघत नाही. तोच वास, तोच थर.

धुळाप्पा विहिरीवरून आला होता. त्याला विचारले.

"धुळाप्पा, सीटला काय लावलंय रे?"

"त्याल की." त्याला प्रश्नाचेच नवल वाटले. "बाई रोज सकाळी पाजत्यात. अन्ना गेल्यापासनं एक दीस चुकला न्हाय. आंगुळीच्या आदी येत्यात, त्याल लावत्यात, मग आंगुळ करत्यात. कातड्याला हात लागतो न्हवं."

मी बोटांचा चिकटपणा पदराला पुसला.

"मला म्हनल्या, कातड्याला त्याल चालतं का रं? म्या म्हनलं, न चालाया काय झालं? मोटंला करडीचंच चोपडतो आमी. वर्सानुवर्सं पान्यात ऱ्हाती, कुजत न्हाय."

त्याचे म्हणणे खरे होते. विहिरीचे पाणी उपसायच्या मोटेच्या चामड्यात पाणी शिरू नये म्हणून करडीचे तेल देतात. ते तेल हवेतला प्राणवायू घेते, आधी चिकट होते आणि मग कडक पापुद्रा बनते. मोटेला तो पापुद्रा हवाच असतो. मऊ राहायला पाहिजे अशा सीटला तोच मारतो.

मी दारात येऊन आईजवळ बसले. गहू चाळवत विचारले, "अण्णांच्या सीटला तू तेल लावतेस?"

"मग? मी नाही लावलं तर कोण लावणार? ते म्हणायचेच ना, चामड्याला तेल पाजावं लागतं, नाहीतर ते मरतं. दर रविवारी फडकं घेऊन बसायचे." ती थोडी हसली. "ते असताना मी तिकडं फिरकतसुद्धा नव्हते. आता वाटलं, आपण नाही पाहिलं तर तेवढंही जाईल."

"कोणतं तेल?"

"कोणतं म्हणजे?" तिने माझ्याकडे पाहिले. "तेल."

आमच्याकडे तेल म्हणजे करडीचे. बाकीच्या तेलांना नावे असतात: खोबरेल, एरंडेल, शेंगदाण्याचे. नुसते तेल म्हटले की दुसरा विचार कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आला नसता.

दुपारी डॅशबोर्डच्या खणात मला अण्णांची बाटली सापडली. चपटी, औषधाची असते तशी, बुचाला चिंधी गुंडाळलेली. उघडून वास घेतला. एरंडेल. ते वाळत नाही, थर धरत नाही. मागच्या सीटवर इतक्या वर्षांनंतरही काही बिघडले नव्हते, ते त्यामुळेच. अण्णा बाजारातून ते स्वतः आणत असतील आणि घरात येऊन नुसते 'तेल' म्हणत असतील. बाटली मी माझ्या पिशवीत ठेवली.

मग मी टर्पेंटाइन लावून पाहिले, सीटच्या अगदी खालच्या कडेला. वरचा थर फुगला, पण विरघळला नाही. लाकडाच्या पट्टीने हलकेच सोडवायला गेले तर त्याच्याबरोबर चामड्याचे वरचे पदरही निघाले. खाली लोकरीसारखे भुरे, कच्चे काहीतरी दिसले. दुसऱ्या ठिकाणी कोमट साबण वापरला. तेच झाले. तेल चामड्याच्या वर नव्हते. रोज थोडे थोडे आत गेले होते आणि आतच घट्ट झाले होते. ते काढायचे म्हणजे सीट काढायची.

मी हात धुतले. आई मागे येऊन उभी होती.

"काय गं, जमंना का?"

"ऊन लागलंय आई," मी म्हणाले. "गाडीच्या खोलीचं दार पश्चिमेला आहे. संध्याकाळचं ऊन नेमकं या सीटवर येतं. चामडं करपतं त्यानं."

"तेल लावूनसुद्धा?"

"हो."

"तरी मी धुळाप्पाला म्हणत होते, दाराला पोतं लाव म्हणून," ती म्हणाली आणि आत गेली. मी तिला खोटे सांगितले होते, आणि मला ते पुरेसे वाटत होते. दोन दिवसांत गाडी जाणार होती. आई पुण्याला जाणार होती. उन्हाचा दोष उन्हाकडे राहिला असता.

त्या संध्याकाळी मी काळ्या डागांवर निदान धूळ दिसू नये एवढे केले. कडक थर बारीक कापडाने घासला आणि अण्णांच्याच बाटलीतले थोडे एरंडेल फिरवले. आईने ते पाहिले. तिला बरे वाटले असावे.

ठरल्या दिवशी वीरप्पा आले. आडवे अंग, पांढरे धोतर, तोंडात पान. नळदुर्गकडचे बोलणे, अर्धी वाक्ये कानडीच्या चालीवर.

"काय बाईसाहेब, नवीनच केलात की हो गाडी," ते मला म्हणाले. मागची सीट पाहिली, दारे उघडून लावून पाहिली. मग अण्णांच्या जागेवर बसले, चाक हातात घेतले, हॉर्न वाजवला. आई ओसरीवर खांबाला धरून उभी होती.

वीरप्पा उठायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. धोतर सीटला चिकटले होते. त्यांनी ते ओढले. चर्र आवाज करत सुटले. ते मनापासून हसले.

"वकीलसाहेबाची गाडी की ही. अशिलाला सोडंना."

मीही हसल्यासारखे केले. पण आई ओसरीवरून खाली उतरली होती.

"काय झालं हो वीरप्पा?"

"काय नाही अक्का. थोडं चिकाट हाय. त्याला काय, सोलापूरला नेऊन वरून रेक्झिन मारतो. धंद्याला रेक्झिन बरं. पुसलं की झालं."

आई डाव्या बाजूला गेली. "माझी घोंगडी तेवढी काढून घेते," ती म्हणाली आणि दार उघडून तिने घोंगडी उचलली.

खाली तिची जागा होती. इतक्या वर्षांत तिने ती कधी पाहिली नव्हती, मीही नाही. गाडी आली त्या दिवशीचा डाळिंबी रंग, मऊ, एक रेघ नाही. घोंगडीची वीण चामड्यावर फिकट उमटली होती. शेजारी, एकाच अखंड सीटवर, अण्णांची काळी जागा.

मला वाटले, घोंगडीने ऊन अडवले असे ती म्हणेल. मी तसे सांगणारही होते. पण आईची नजर वर गेली, पाठ टेकायच्या भागाकडे. तिथे घोंगडी पोचत नव्हती. तिच्या बाजूला तोही भाग तसाच लाल होता. अण्णांच्या बाजूला काळा. तिने हात पुढे केला आणि आपल्या बाजूच्या उघड्या चामड्यावर ठेवला. मग तो हात सरळ रेषेत अण्णांच्या बाजूला नेला. मध्ये शिवण होती. शिवणीपाशी तिचा हात अडला.

"ऊन याही बाजूला येतंय की प्रेमा," ती म्हणाली.

वीरप्पा पलीकडे टायर बघत होते.

"इथं मी तेल नव्हतं लावलं. माझी जागा, म्हणून." ती बोटे एकमेकांवर घासत होती. "तेलानं झालं?"

तिने स्वतः पडताळून पाहिले होते.

"हो. अण्णा एरंडेल लावायचे, आई. करडीचं वाळतं, घट्ट होतं. तुला कसं माहीत असणार?"

"रोज लावलं गं मी." आवाज चढला नाही, रडलीही नाही. "सणावारीसुद्धा."

वीरप्पा वळसा घालून आले. त्यांना वाटले, म्हातारीला गाडी सोडवत नाही. "आणत जाईन की अक्का अधनंमधनं," ते म्हणाले. "पुण्याहून आलात की सांगा. तुळजापूरला आपल्याच गाडीनं जाऊ."

आईने घोंगडी झटकली, घडी केली, आणि पुन्हा उलगडली. तिने ती अण्णांच्या जागेवर अंथरली. कडा शिवणीखाली खोचल्या, ती स्वतःच्या बाजूला खोचायची तशा.

"ही असू द्या. वरून रेक्झिन माराल तेव्हा खाली ही राहू द्या."

"राहू द्या की. मऊच लागेल," वीरप्पा म्हणाले.

गाडी गेली. चामड्याला हात लागला होता, तरी आईने त्या दिवशी पुन्हा आंघोळ केली नाही. हात मात्र बराच वेळ चुलीतल्या राखेने घासत बसली. स्वयंपाक मी केला. फोडणी घालताना तेलाची बरणी उघडली तेव्हा ती उठून अंगणात गेली.

पुढे पुण्यात ती पाच वर्षे होती. दिवाळीत मी जाई. तिचे बोलणे तसेच राहिले, उस्मानाबादचे. पुण्यात तिची थट्टा होई आणि तीही करून घेई. एकच शब्द बदलला होता. वहिनीने एकदा माझ्यासमोर स्वयंपाकघरातून विचारले, "आई, तेल संपलंय, आणायला सांगू?"

आई बाहेर वाती वळत बसली होती. कापूस खाली ठेवून तिने मान वर केली.

"नुसतं तेल म्हणू नये गं," ती म्हणाली. "कोणतं, ते सांगावं."