पायाळू महाराजांची पुरी लाथ

धाडच्या आठवडी बाजारामागे बायांची रांग पालथी पडली होती. उन्हात तापलेली रेती, रेतीवर गोणपाट, गोणपाटावर कंबर धरलेल्या म्हाताऱ्या. समोर खुर्चीवर शालिग्राम महाराज उजवा पाय चोळत बसले होते.

"मी पायाकडून जन्मलो! जगात उलटा आलो, म्हणून जगाच्या कंबरा सरळ करून राह्यलो! डॉक्टर नुसता फोटो काढते. फोटोनं कोनाची कंबर बरी झाली काय?"

"नाई महाराज!" रांग गोणपाटात तोंड खुपसून म्हणाली.

पायाळू माणसाची लाथ लागली की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. आधीच्या बाजारी महाराजांनी नुसता अंगठा टेकवला होता. आज पुरी लाथ होती.

रांगेत माझ्या सासूबाई होत्या, शालूबाई. जन्मभर वाकून निंदण, वाकून सोंगणी, वाकून झाडलोट. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हाडं ठिसूळ झालीत आजी, धक्का बसला तर मणका मोडेल." पण अंगठ्यानं गुण आला म्हणून आईंनी गोळ्या बंद केल्या, व्यायामही. मी माझ्या लेकाला, शिवमला, कडेवर घेऊन त्यांच्या मागेच लागले होते.

"आई, उठा ना. मोडलं काही तर?"

"गप वं. मले आत्ताच हलकं वाटून राह्यलं."

"अजून लाथ बसली नाही!"

"मंग बसल्यावर तं मी नाचीन."

"डोळे मिटा! तोंड खाली!" महाराज गरजले. "जो माहा पाय पाहीन, त्याची कंबर जाईन!" आणि त्यांनी आधी चहा मागवला.

तेवढ्यात शिवम कडेवरून सुटला. आजी पालथी दिसली की तिचा घोडा करायचा, एवढं त्याला पक्कं ठाऊक. मी धरेपर्यंत त्याचं चिमुकलं पाऊल आजीच्या कंबरेवर टेकलंसुद्धा.

"गेली!" आई ओरडल्या. "गेली वं माय, कळ गेली! महाराज, धन्य तुमची लाथ!"

महाराज बशीतला चहा फुंकत होते. फुंकायचे थांबले.

शेजारच्या सिंधूताईंनी एक डोळा उघडला. "शालूबाई, महाराज तं तिकडं चहा पिऊन राह्यले."

"मंग लाथ कोनं मारली?"

"तुह्या नातवानं."

रांग उठून बसली. महाराज सावरले. "पोरगं पायाळू असन! दैवी हाय!"

"डोक्याकडून आलाय," मी म्हणाले. "एवढ्या मोठ्या डोक्याकडून. मला विचारा, मी तिथंच होते."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी आईंजवळ बसले. "गरम रेतीचा शेक मिळाला, तासभर कंबरेवर भार नाही, वर मनानं धरलंय की गुण येणारच. तेवढ्यानं कंबर सैल होते. मग पुन्हा धरते की नाही?"

"हाव, धरते," सिंधूताई म्हणाल्या. "महाराज, मी डोळे उघडे ठेवतो, आता मले मारा बरं."

महाराज बशी ठेवून जीपकडे निघाले. जाताना मात्र डोकं पुढे होतं.

"म्हंजे घरी बी होईन?" आईंनी विचारलं.

"होईल. दुपारी शेक घेऊन पडायचं, व्यायाम करायचे, डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या घ्यायच्या."

"अन् तुह्या सासऱ्याचा चहा?"

"ते करतील."

लाथेवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या बायांना हे मात्र पटेना.

बायांनो, कुणी लाथेनं, फुंकरीनं, अंगाऱ्यानं दुखणं घालवतो म्हणाला, तर डोळे उघडे ठेवा आणि विचारा, "कसं?" आणि घरच्यांनो, म्हातारीला रोज तासभर पडू द्या.

आमच्याकडे काल दुपारी स्वयंपाकघरातून पंजाबरावांचा, माझ्या सासऱ्यांचा, आवाज आला, "साखर कुठं ठेवली वं?"

आई गरम पिशवीवर पडल्या पडल्या म्हणाल्या, "धुंडा."