आडनाव सांगा, घर मिळवा

कुठून आलात:

नागपूरहून. मूळचे करडीचे खरे, पण रकान्यात एकच गाव मावत होतं, म्हणून जीवन मेश्रामनं नागपूर लिहिलं. सोबत आई विमलाबाई, वय अडुसष्ट.

साकोलीच्या अलीकडे, हायवेला लागून भैय्याजींचं हे मोटेल. मोटेल कसलं, अख्खं खोटं गाव. मालगुजाराचा वाडा, सोनाराची माडी, तेल्याचं घर, कोष्ट्याचं घर, मधोमध फायबरची विहीर, आणि घराघरात एसी. काउंटरवर पाटी: आडनाव सांगा, घर मिळवा. पाहुण्यानं आडनाव सांगायचं, काउंटरवरच्या मुलीनं भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवायचं, की ज्याचं घर त्याला. मग फेटा, डफडं, फोटो. लोक एवढ्यासाठी लांबून यायचे.

येण्याचं कारण:

विमलाबाईंनी एकवीस वर्षं एका विश्रामगृहात चादरी धुतल्या. साहेब उठून गेले की चादर ओढायची, भिजवायची, आपटायची, नीळ घालायची, पुन्हा अंथरायची. त्या पलंगाच्या कडेलासुद्धा त्या कधी टेकल्या नाहीत. मागच्या महिन्यात जेवता जेवता बोलून गेल्या, "मले एक डाव अशा पलंगावर झोपाचं हाय, ज्याची चादर सकारी मले धुवा नाई लागन."

जीवननं त्याच दिवशी मोबाईलवर खोली घेतली. फोटोतले पलंग पाहिले. पाटी फोटोत नव्हती.

आडनाव:

मेश्राम.

काउंटरवरच्या डिंपलचं बोट वाड्यावरून निघालं, सोनाराकडे गेलं, विहिरीला वळसा घालून परत वाड्यापाशी आलं. मग तिनं हात खाली घेतला. या आडनावाचं घर आपल्याकडे नाही सर, असं ती अगदी हळू आवाजात म्हणाली. जीवननं नकाशा पाहिला. दक्षिणेला, गाव संपतं तिथे, जनरेटर होता आणि टिनाचं शेड.

भैय्याजी आतून आले. माणूस उर्मट असता तर बरं झालं असतं. त्यांनी आधी खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"बनवलं असतं तर तुम्हीच म्हटलं असतं साहेब, आमाले गावाबाहेर काहून ठेवलं. म्हणून आपण तो विषयच नाही ठेवला."

जीवननं पाणी न पिताच ग्लास काउंटरवर ठेवला.

डिंपलनं मार्ग काढला. आधार कार्ड पोलिसांच्या रजिस्टरला जातं. हे गावाचं रजिस्टर नुसतं गमतीचं, इथे काहीही लिहिलं तरी चालतं. परवा एक सरदारजी कोष्टी होऊन राहून गेले.

बाहेर विमलाबाई गाडीला टेकून उभ्या होत्या, विहिरीकडे पाहत. जीवननं पेन घेतलं. गंमतच तर आहे, असं त्यानं स्वतःला दोनदा सांगितलं.

देशमुख.

मिळालेलं घर:

मालगुजाराचा वाडा. दारात डफडं वाजलं. विमलाबाईंनी फेटा बांधून घेतला, फोटोत दात दिसेपर्यंत हसल्या. खोलीत शिरल्या त्या सरळ पलंगाशी. चादरीचं टोक उचललं, उजेडात धरलं, नीळ जास्त झाली म्हणाल्या, आणि या चुकीचा त्यांना आनंद झाला. चपला काढल्या. एक पाय पलंगावर घेतला.

तेवढ्यात चहा आला. आणणाऱ्या बेबीबाई. विश्रामगृहात दोघी एकाच दांडीवर चादरी वाळवायच्या.

"देशमुख आजी, चहा," म्हणत बेबीबाईंनी मान वर केली आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. "विमले! तू कवापासून देशमुखीन झाली वो?"

विमलाबाईही हसल्या. बेबीबाई जाईपर्यंत हसत राहिल्या. मग त्यांनी पाय खाली घेतला, चादरीवरची सुरकुती तळहातानं मोडली आणि कोपरा गादीखाली दाबला, जसा एकवीस वर्षं दाबला होता.

जीवन सांगत राहिला की गंमत होती, की तिच्यासाठीच केलं, की हे रजिस्टर कोणी वाचत नाही.

"तुह्या आज्यानं छप्पन साली धर्म बदलला," त्या म्हणाल्या. "सारं गाव अंगावर घेतलं. पन आडनाव नाई बदललं. कायले? लोकाइले तोंडावर समजाव म्हणून." चपला पायात सरकवत त्यांनी पलंगाकडे पाहिलं. "इतं देशमुखाले झोपू दे. मी झोपलो, त हे चादर सकारी मलेच धुवा लागन."

चहावर साय धरली.

अभिप्राय:

जीवननं काउंटरवर येऊन देशमुख खोडलं आणि वर मेश्राम लिहिलं. डिंपलनं विचारलं, मग घराच्या रकान्यात काय लिहू सर? तिच्यामागे बोर्डावर ताजा फोटो लागला होता. आजचे गावकरी: देशमुख परिवार. फेट्यातली आई हसत होती. फोटो काढून द्या, असं त्यानं म्हटलं. बोर्डाच्या काचेची किल्ली भैय्याजींकडे, आणि भैय्याजी नुकतेच लाखनीला गेले होते.

खुश्शाल कोरा ठेवा, असं म्हणून तो निघाला.

गाव सोडणाऱ्या पाहुण्याला वाजवत पोचवायची इथली रीत. गाडी फाटकाशी आली तसा डफडंवाला गोमाजी पुढे झाला आणि वाजवायला लागला. पांढरं धोतर, मोटेलचं नाव छापलेला शेला. विमलाबाईंनी काच खाली केली.

"थांब रे बापू. तुह्यं घर कोनतं हाय इतं?"

गोमाजीनं काठी डफड्यावरून उचलली आणि तिनंच जनरेटरजवळच्या टिनाच्या शेडकडे दाखवलं.