तेराव्या चित्रातले भाऊजी

ताईच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर हातभर मोठा फोटो: लग्नाच्या हॉलमध्ये ताईची नात उभी आणि तिच्यामागे तीन वर्षांपूर्वी गेलेले भाऊजी, धुक्यासारखे आरपार. माणसं रांगेनं वाकत होती. फोटोत आत्मे दाखवणारे फोटोमहाराज समजावत होते की आत्मा सूक्ष्म असतो, साध्या कॅमेऱ्याला गावत नाही, त्याला फुल एचडीच लागतं. लग्नाच्या व्हिडिओतून हा क्षण त्यांनीच निवडून छापून आणला होता. वर बजावलं होतं, ज्या डोळ्यांना असं दर्शन झालं त्यांना शस्त्र लावायचं नाही. झालं! ताईनं सोमवारचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द केलं. आणखी लांबवाल तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी सांगूनसुद्धा.

आठवडाभर मी घसा कोरडा केला. आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. फिल्म पुढे सरकवायला मी विसरले की एकावर एक दोन माणसं उमटायची. वडील मला फैलावर घ्यायचे, नमस्कार कुणी करत नसे. पण ऐकतो कोण? भाचा म्हणाला, "मावशी, तुझा जमाना गेला."

शेवटी लग्नाचा व्हिडिओ तयार करणाऱ्या बाईंनाच बोलावलं. त्यांनी लॅपटॉप टीव्हीला लावला. व्हिडिओच्या सुरुवातीला भाऊजींचा स्टुडिओत काढलेला जुना फोटो होता. तो विरत जायचा आणि त्यातून हॉल उमटायचा. एका सेकंदात पंचवीस चित्रं. बाई बटण दाबत मोजू लागल्या. पहिल्यात नुसते भाऊजी, पंचविसाव्यात नुसती नात, तेराव्यात दोघंही अर्धेमुर्धे. टेबलावरचा फोटो हाच. ती सुरुवात घरातल्या प्रत्येकानं दहादा पाहिली होती!

महाराज डगमगले नाहीत. आत्म्याला यंत्राचंही माध्यम चालतं, म्हणाले.

"चालू दे की," मी म्हटलं. "पण येताना स्टुडिओतला पडदाही घेऊन आले का? त्यांच्या मागे चुण्या दिसताहेत बघा."

कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांना दुसरीकडे जायची घाई झाली.

ताई फोटोवरून हात फिरवत राहिली. "म्हणजे ते आलेच नाहीत."

"नाही आले, ताई. नात मात्र खरंच समोर उभी होती. तिचा चेहरा तुला नीट दिसला का?"

ताईनं फोटो बाजूला ठेवला. मग तिनं भाच्याला दवाखान्यात फोन लावायला सांगितलं.

चमत्कार दिसला तर जरूर बघा. फक्त हात जोडण्याआधी एक चित्र मागे जा, एक पुढे जा.