बया माझ्याकडे बघत होती

मित्रांनो, माझे दात झिजले आहेत आणि दोन्ही डोळ्यांत फूल पडले आहे. मी चांद्या, गेणूच्या गोठ्यातला म्हातारा बैल. हे नाव मला बयाने दिले. मावळात आंबी गावी तिच्या वडिलांच्या, अंबाजींच्या दारात मी जन्मलो. माझी आई लवकर गेली, तेव्हा बयाने मला बोट चोखायला देऊन दूध पाजले.

पुढे माझा जोडीदार कड्यावरून पडून मेला. एकट्या बैलाचे औत चालत नाही, म्हणून अंबाजींनी मला आंदर मावळातल्या गेणूला विकले. जनावर विकले तरी त्याच्या गळ्यातले दावे द्यायचे नसते, त्यासोबत घरची लक्ष्मी जाते म्हणतात. माझे दावे बयाने खुंटीला अडकवले. गेणूने मला नव्या दाव्याने बांधून नेले.

गेणू भाताची गाडी घेऊन तळेगावला निघाला की वाट आंबीवरून जाई. बया दारात उभी राही. तिच्या बाजूला मी जुंपलेला आणि माझ्या पाठीमागेच गेणू बसलेला. ती टक लावून बघे. लग्नाची पोर परक्या गाडीवानाकडे अशी बघत नाही, हे गेणूला पक्के ठाऊक होते. बिचारा हरखून गेला. तळेगाव जवळ आले की फेटा नीट करणारा माणूस आता आंबीच्या अलीकडेच फेटा नीट करू लागला. आईने बघितलेले चांगले स्थळही त्याने मोडले. मला सगळे कळत होते, पण बैलाला सांगता कुठे येते?

शेवटी त्याची आत्या रतनबाई मागणी घालायला गेली. बया आतूनच म्हणाली, "मावशी, म्या चांद्याकडं बघत हुते. गाडीवर कोन बसतंय, ते म्या पायलंबी न्हाई."

अंबाजी मात्र भडकले. पोरीच्या नावाने गावभर बोलणे नको, म्हणून त्यांनी तिचे दारात उभे राहणे बंद केले. गेणूने त्या दिवशी मला पहिल्यांदा चाबूक मारला. मला तो लागला, पण राग आला नाही. त्याचे फार दुखले होते.

पुढच्या खेपेला आंबीत दार बंद दिसले आणि माझे पाय थांबले. गेणूने हाकले, शेपूट पिरगाळले, मी हललो नाही. तो खाली उतरला. बंद दारापाशी गेला.

मग आतल्या अंबाजींना म्हणाला, "आबा, चूक माजी हाय. पोरीला बाहेर येऊ द्या. जनावराला भेटू द्या."

एवढे बोलून तो बाजूला गेला आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला. अंबाजींनी दार उघडले आणि बया आली. माझे जुने दावे तिने स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात बांधले. अंबाजींनी तिला अडवले नाही. तिचा हात माझ्या कपाळावरून निघेपर्यंत गेणूने मागे वळून पाहिले नाही.

बया पुढे दूर सासरी गेली. गेणूचाही संसार झाला. मी थकलो तरी त्याने मला बाजार दाखवला नाही, आणि ते दावे तो अजून स्वतः सोडतो, स्वतः बांधतो.

मित्रांनो, कुणी टक लावून बघितले तर मनाने अर्थ लावू नका, नीट विचारा. आणि ती नजर आपल्यासाठी नसली, तर गेणूसारखे थोडे बाजूला व्हा.