चढावरचा झटका

भाचीने गॅरेजच्या दारात गाडी उभी केली आणि उतरता उतरताच म्हणाली, "मामा, तलावाच्या चढावर ही झटके खाते."

मामाच्या हातातला पाना तसाच थांबला. हे वाक्य त्याने पूर्वीही ऐकलं होतं. तेव्हा सांगणारा माणूस मात्र वेगळा होता.

तो माणूस म्हणजे भाचीचे वडील. मामाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून मामा त्यांना दाजी म्हणायचा. दाजींना पाखरं बघण्याचं भारी वेड. सुट्टीची सकाळ उजाडली की दुर्बीण गळ्यात अडकवून स्वारी डोंगरावरच्या तलावाकडे निघायची. मग गाडी चढावर झटके द्यायला लागली आणि ते मेव्हण्याकडे आले.

मामाची रीत ठरलेली होती. गाडी रात्रभर ठेवून घ्यायची, सकाळी गार इंजिन चालू करायचं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. त्याच्या कानाचा तेव्हा मोठा बोलबाला होता. गाडीला जोडला की दोष दाखवणारा स्कॅनर कपाटात होता, पण तो परक्या गिऱ्हाइकांसाठी. घरच्या गाडीला कान पुरे!

"घड्याळासारखी चालतेय," असं सांगून तो मोकळा झाला.

"अरे, पण चढावर समोरचा इंजिनाचा पिवळा दिवाही लुकलुकतो."

"काचेवर ऊन आलं असेल. दाजी, झटके गाडी देत नाही, तुमचा पाय देतो. क्लच सोडताना देवाचं नाव घेता ना तुम्ही?"

ताई खळखळून हसली. दाजीही हसले. आणि घरात ती एक गंमतच होऊन बसली. दाजी खुर्चीतून उठले की कुणीतरी म्हणायचं, "जपून, झटका बसेल!" दाजी आणखी एकदा आले, पुन्हा एकदा आले, आणि पुढे यायचे थांबले. मग त्यांनी तो चढच टाळला. दुर्बीण खुंटीवर गेली. का, ते कुणी विचारलं नाही. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे हळूहळू नेले. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं. गाडी लेकीकडे आली होती.

लेकीला गाडी चालवायला मामानेच शिकवलं होतं. त्यामुळे 'तुझा पाय' असं म्हणायची सोय नव्हती. तो मुकाट्याने कपाटाकडे गेला आणि स्कॅनर घेऊन आला. कपाट लावताना त्याला जाणवलं, की हे आपण किती सहज केलं.

"चढावर बाबा पण येतायत आपल्याबरोबर," भाची म्हणाली. "घरी बसून कंटाळतात."

मागच्या सीटवर दाजी बसले होते, शर्टाची वरची गुंडी लावून, शहाण्यासारखे. "काय मेकॅनिकसाहेब, आज कान घरी ठेवला वाटतं?"

"स्कॅनर आणलाय, दाजी."

"बढती झाली म्हणायची आमची."

मामाने हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

गाडी चढाला लागली. स्कॅनर मामाच्या मांडीवर. इंजिन चांगलं तापलं होतं. तिसरं वळण गेलं आणि मागून दाजी शांतपणे म्हणाले, "आता येईल. दगडी कठडा संपला ना?"

कठडा खरोखरच संपला होता. गाडीने अंग झटकलं, पुन्हा झटकलं. पिवळा दिवा लुकलुकला. स्कॅनर म्हणाला, तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. म्हणजे तिथे पेट्रोल येत होतं, पण ते पेटत नव्हतं.

"कशामुळे?" भाचीने गाडी कडेला घेत विचारलं.

"ठिणगी पडत नसेल. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल असते. बॅटरीचा करंट ठिणगी पाडायला पुरत नाही, त्याचा जोर ही कॉइल वाढवते. तिच्या आत केसाएवढ्या बारीक तारेचे वेढे असतात. एखादी तार आतून तुटली असेल, तर गार असताना टोकाला टोक टेकून राहतं. तापलं की टोकं दूर होतात."

"म्हणजे गार असताना तपासली तर..."

"कधीच सापडणार नाही," मामा म्हणाला आणि घाईघाईने बॉनेट उघडायला गेला.

हातमोजे चढवून त्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल काढल्या आणि जागा बदलून बसवल्या. प्लगला हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. मग खाली जाऊन पुन्हा तोच चढ. कठडा संपला, झटका आला, आणि या वेळी स्कॅनरवर दुसरं सिलिंडर होतं. कॉइलबरोबर आजार हलला होता. प्लग निर्दोष. पाय तर निर्दोष होताच.

अंदाजाने आणलेली नवी कॉइल त्याने बसवली. जुनी हातात घेऊन मागच्या खिडकीशी आला. "दाजी, ही बघा," असं बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

दाजींनी हात पुढे केला. बोटांनी तिचं डोकं चाचपलं, रबराची नळी चाचपली. "इतकीशी?"

"इतकीशीच. तुमचं बरोबर होतं, दाजी. मी गाडी तापू दिली असती तर..."

"मलाही नंतर वाटायला लागलं होतं रे, की पायच असेल." त्यांनी कॉइल परत दिली. "सगळेच म्हणतात म्हटल्यावर माणूस आपल्या पायाकडेच बघतो."

मामा पुढे जाऊन बसला. भाचीने गाडी खाली नेऊन पुन्हा चढाला घातली. कठडा गेला, पुढची वळणं गेली, गाडी एकदाही अडखळली नाही. वर तलावापाशी तिने इंजिन बंद केलं.

दाजी दाराला धरून उतरले. वारा लागला तसं त्यांनी पाण्याकडे तोंड केलं, बरोबर तिकडेच. "मेकॅनिकसाहेब, डाव्या हाताला पाण्यात एक वाळकं झाड आहे बघ. त्यावर पाणकावळे बसतात, पंख पसरून, वाळत घातल्यासारखे. आज किती आहेत?"

मामाने डावीकडे पाहिलं. पाणी होतं, काठाला लव्हाळी होती. झाड नव्हतं. त्याने पार उजवीकडेही पाहिलं. 'चार-पाच आहेत' असं म्हणून टाकणं सोपं होतं. पण न बघता सांगायचं काम त्याचं एकदा करून झालं होतं.

"झाड नाहीये, दाजी."

"नाही? कधी पडलं?"

मामाने भाचीकडे पाहिलं. ती तरी काय सांगणार?

"मधल्या काळात कधीतरी," तो म्हणाला.

"हं," म्हणून दाजी तिकडेच तोंड करून उभे राहिले. मामाच्या हातातली कॉइल अजून गरम होती.