बिनहाराचा फोटो

ऑडिशनांचे उंबरठे तीन वर्षं झिजवल्यावर प्रफुल्ल घाडीला पहिला मोठा रोल मिळाला, आणि तो निघाला फोटोचा.

थट्टा नाही. मालिकेच्या नायिकेचा नवरा सीमेवर शहीद झालेला. त्याची तसबीर दिवाणखान्यात टांगायची, तिला हार घालायचा आणि घरातल्या बायकांनी आळीपाळीने तिच्यासमोर उभं राहून रडायचं. पुढे कधीतरी आठवणींचे दोन-तीन प्रसंग होते, त्यांत प्रफुल्लला चार वाक्यं होती. चार तर चार. आजवर त्याने जे वॉचमन, पोलीस आणि मंत्र्यामागचे बॉडीगार्ड केले, त्या सगळ्यांना मिळून "चला, बाजूला व्हा" याच्या पलीकडे काही बोलायला मिळालं नव्हतं.

यात गंमत अशी, की प्रफुल्ल खरोखरचा फौजी. सतरा वर्षं मराठा पलटणीत काढून, हवालदार होऊन, हातीपायी धड लालबागला परतलेला. परळच्या एका टॉवरवर सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी करून तो ऑडिशना द्यायचा. हे वेड बापाकडून आलेलं. बुधाजी घाडी गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचे, आणि गावी दशावतारात, इथे कामगारांच्या नाटकात लुगडं नेसून अशी राणी उभी करायचे की पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. बापाच्या अंगात होतं ते पोराच्या डोक्यात शिरलं, अंगात मात्र उतरेना. पलटणीत बडाखान्याला, म्हणजे साहेब आणि जवान एकत्र जेवतात त्या दिवशी, तो नाटुकली बसवायचा आणि ती गाजायची. पण तिथे बघणारेही ताठच बसलेले. कॅमेऱ्याला ते चालेना.

"दादा, तुम्ही उभे छान राहता. अगदी फोटोसारखे," असं दिग्दर्शिका नूपुर म्हणाली, तेव्हा हा खूश होऊन घरी आला. कौतुक आणि टोमणा यांतला फरक त्याला प्राचीने, म्हणजे बायकोने, समजावून सांगितला.

"रोल मिळाला ना?" प्रफुल्ल म्हणाला. "आज फोटो, उद्या माणूस. भरती शिपाई म्हणूनच होते."

प्राची हसली. त्याची आई, रखमाबाई, हसली नाही.

घाड्यांच्या खोलीत भिंतीवर एकच फोटो होता, बुधाजींचा, चंदनाच्या हारातला. प्रफुल्लचाही वर्दीतला फोटो होता, पण तो पत्र्याच्या ट्रंकेत, रखमाबाईंच्या लग्नातल्या शालूखाली. त्याला कारण होतं. खालच्या मजल्यावरचा हितेंद्र आणि प्रफुल्ल एकदमच भरती झाले. ट्रेनिंग संपवून आल्यावर दोघांनी परळच्या एकाच स्टुडिओत फोटो काढले. हितेंद्रच्या आईने पेढे वाटून पोराचा फोटो त्याच संध्याकाळी भिंतीला लावला, आणि तिसऱ्या वर्षी त्याच फोटोला हार पडला. तेव्हापासून रखमाबाईंनी फोटो आणि खिळा या दोन वस्तूंची गाठ पडू दिली नव्हती. मंडळाची पोरं "आमचे जवान" असा बोर्ड करायला फोटो मागायला आली, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. "माझो झील अजून येवचो आसा. तो इलो काय मीच लावतलंय."

हा झील, म्हणजे मुलगा, रिटायर होऊन आला, त्यालाही आता वर्षं झाली. फोटो ट्रंकेतच.

"हार घालतले?" रखमाबाईंनी विचारलं.

"आये, प्लास्टिकचा असतो गो तो."

"मेल्या, सतरा वर्षां मी देवाक सांगत इलंय, माझ्या पोराच्या फोटोक हार नको. आणि तू सोताच्या हातान घालून घेतंस?"

"नाटक आहे ते."

"नाटाक माका शिकव नको. तुझ्या बापाशीन आयुष्यभर नाटाक केल्यान. राजा केल्यान, राणी केल्यान. मड्याचा सोंग नाय केल्यान."

रखमाबाई भांडी घासायला गेल्या आणि भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"आता काय करणार?" प्राचीने हळूच विचारलं. "सोडता का रोल?"

"नाही."

"मग आईंना दुखवणार?"

"तेही नाही."

हे दोन्ही एकदम कसं जमायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण फौजेत हुकूम आधी येतो आणि वाट नंतर सापडते, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

मालिकेचा सेट कॉटन ग्रीनला, कापसाच्या एका जुन्या गोदामात होता. बाहेरून गंजलेला पत्रा, आत सरदारी थाटाचा दिवाणखाना. सेटवरचं सामान सांभाळणारा गिरगावचा आग्नेलो फोटो टांगून, हार घेऊन शिडीवर चढत होता, तेवढ्यात प्रफुल्लने शिडी धरली.

"फोटो लावा, मॅडम," तो नूपुरला म्हणाला. "हार नको."

नूपुरने आधी हसून घेतलं, मग घड्याळ बघितलं. "दादा, बिनहाराचा शहीद प्रेक्षकांना कळणार कसा?"

"ते मला माहीत नाही. पण हार नको."

"मग मी दुसऱ्या कुणाचा तरी फोटो लावते. मुंबईत रिटायर्ड फौजी काय तुम्ही एकटेच आहात?"

"नाही, मॅडम. पण मी इथून हलणार नाही."

आणि खरंच हलला नाही. आरडाओरडा नाही, हातापाया पडणं नाही, नुसता शिडीशेजारी पाठीमागे हात बांधून उभा. नूपुरने दुसऱ्या खोलीतले प्रसंग उरकले, लोक जेवून आले, तरी हा तिथेच. आग्नेलो हार धरून इतका कंटाळला, की तो स्वतःच्याच गळ्यात घालून फिरू लागला. उभं राहण्याच्या बाबतीत प्रफुल्लशी पैज लावणं म्हणजे माशाला पोहण्याचं आव्हान देणं, हे नूपुरला चहाच्या वेळेपर्यंत कळून चुकलं.

"का पण?" ती कप घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली. "चॅनेलला सांगता येईल असं एक तरी कारण द्या."

प्रफुल्लने सांगितलं. हितेंद्रचं सांगितलं, ट्रंकेचं सांगितलं, मंडळाच्या पोरांना आई काय म्हणाली ते सांगितलं. सांगताना त्याचा आवाज परेडचा राहिला नाही, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही.

नूपुरचा चहा निवला होता. "परत म्हणा. काय म्हणाली आई?"

"माझा मुलगा अजून यायचाय."

नूपुर उठून उभीच राहिली. "दादा, हे मी घेते. सगळे म्हणतात गेला, आणि सासू सुनेच्या हातातला हार हिसकावून घेते. माझा मुलगा अजून यायचाय. काय सीन होईल!"

"आईला विचारल्याशिवाय नाही."

"अहो, एक वाक्य आहे!"

"तिचं आहे ना पण."

रखमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोळे मोठे केले, तोंडातली सुपारी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "घे म्हणान सांग. पण मगे तो परत येवक होयो. जिवंत. नायतर ती सासू खोटी पडात."

प्रफुल्लने ही अट जशीच्या तशी नूपुरला पोचवली. आता, मालिकेत गेलेल्या माणसाला परत आणायला यमाची परवानगी लागत नाही, चॅनेलची लागते. सासूची भूमिका करणाऱ्या सुचित्राताईंनी हार हिसकावला तो भाग असा काही गाजला, की लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांचा भाव करता करता बायका एकमेकींना विचारू लागल्या, "काय गं, येईल का तो?" चॅनेलने मान डोलावली. तो येणार ठरला. आठवणींतली चार वाक्यं बाजूला राहिली आणि प्रफुल्लला अख्खा माणूस मिळाला.

आणि तिथेच घोडं अडलं.

प्रसंग सोपा होता. बर्फात हरवलेला, सगळ्यांनी मेला म्हणून सोडून दिलेला माणूस दारात येतो. आई भाकरतुकडा ओवाळून टाकते. तो म्हणतो, "आई, मी आलो," आणि कोसळतो. प्रफुल्ल दारात आला आणि उभा राहिला. छाती पुढे, हनुवटी वर. "आई, मी आलो," हे त्याने असं म्हटलं, की सुचित्राताईंना वाटलं आता आपल्याला सलाम ठोकणार. दुसरा टेक तसाच. तिसऱ्याला त्याने कोसळायचा प्रयत्न केला, तोही शिस्तीत, आधी एक गुडघा, मग दुसरा. दिवस सरला.

"दादा, परत फोटो झालात," नूपुर थकून म्हणाली. "उद्या सकाळी एकदा बघू. नाही जमलं तर चॅनेल म्हणतंय, अपघातात चेहरा बदलला असं दाखवून दुसरा नट घ्या. माझा नाइलाज आहे."

इतकी वर्षं ज्यासाठी धावलो ते दारात येऊन उभं आहे आणि आपल्यालाच आत घेता येत नाही, या विचाराने प्रफुल्लला स्वतःचीच चीड आली. घरी येऊन त्याने आरशासमोर प्रयत्न केला, प्राचीसमोर केला. शेवटी तो आईसमोर जाऊन बसला.

"आये, मी सुट्टीवर यायचो तेव्हा दारात काय करायचो?"

रखमाबाई लसूण सोलत होत्या. "काय करतलंस? खांबासारखो उभो रवायचंस. मी भाकरतुकडो ओवाळून टाकी, तरी तू तसोच. रातभर झोपताना पण कान उघडे. आताय तसोच रवतंस." लसणाची पाकळी त्यांनी ताटलीत टाकली. "फोटो कित्याक लावूक नाय म्हणान मनात येता मा तुझ्या? तू इलंस खय अजून?"

प्रफुल्लला गोळी लागली नव्हती कधी. लागली असती तर बहुधा असंच वाटलं असतं. तो अजून आलाच कुठे, असं विचारत होती आई.

"उद्या सेटवर चल," मग तो म्हणाला.

"मी? थंय तुझो फोटो आसा भिंतीर."

"हार नाही ना त्याला. चल. मला जमायलाच पाहिजे, आणि तुझ्याशिवाय जमणार नाही."

पोराने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काही मागितलं होतं. रखमाबाईंनी नव्या साडीची घडी मोडली.

सकाळी कॅमेऱ्याच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत त्या मांडीवर पिशवी घेऊन बसल्या. आग्नेलोने त्यांना चहा दिला आणि बोलायचं नाही म्हणून हळूच बजावलं. गोदामात शांतता झाली. प्रफुल्ल दारात आला. दाढी वाढलेली, कपडे फाटके, पायात लांब नाड्यांचे जुने बूट. सुचित्राताई पुढे झाल्या, त्यांनी भाकरीचा तुकडा त्याच्यावरून उतरवला आणि दाराबाहेर टाकला. प्रफुल्ल उभाच. छाती पुढे, हनुवटी वर. नूपुरने डोळे मिटून घेतले.

"आधी बूट काड रे! तसोच घरात येतंस?"

रखमाबाईंना राहवलं नव्हतं. आग्नेलोने कपाळावर हात मारला.

पण हा हुकूम प्रफुल्लने प्रत्येक सुट्टीला ऐकलेला होता आणि त्याला सावधान हे उत्तर कधीच नव्हतं. त्याला खाली बसावं लागतं. तो उंबऱ्यावर बसला. नाडीला हात घातला आणि गाठ सुटेना. हितेंद्रचे बूट पेटीतून आले होते, सामानाबरोबर, पॉलिश केलेले. दारात बूट काढ म्हणून त्याच्या माउलीला कुणाला सांगताच आलं नव्हतं. आपल्याला सांगणारी अजून आहे, ती तिथे खुर्चीत बसलीय, आणि आपण इतकी वर्षं दारातच ताटकळत उभे आहोत. प्रफुल्लची पाठ वाकली. नाडी हातात धरून तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला.

सुचित्राताई मुरलेल्या नटी. त्यांनी ताट खाली ठेवलं, त्याच्या पायाशी बसल्या आणि गप्प त्याची गाठ सोडवायला लागल्या.

"आई," प्रफुल्ल म्हणाला. बघत होता तो कॅमेऱ्याच्या बाजूला. "आई, आलो."

कट म्हणायचं नूपुर विसरली. नंतर तिने एवढंच केलं, की रखमाबाईंचं ते वाक्य सुचित्राताईंकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि प्रसंगात तसंच ठेवलं. दुसरा नट आणायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

घरी आल्यावर रखमाबाईंनी साडीसुद्धा बदलली नाही. ट्रंक ओढली, शालू उचलला, फोटो काढला. बुधाजींच्या समोरची भिंत त्यांनी हाताने चाचपून बघितली आणि प्राचीकडे हातोडी मागितली.

"मी ठोकतो, आये. तू पडशील."

"तू स्टूल धर."

प्रफुल्लने स्टूल धरलं. खाली बसून, दोन्ही हातांनी, पाठ वाकवून धरलं. रखमाबाईंनी खिळा ठोकला, फोटो अडकवला, पदराने काच पुसली आणि समोर बघून त्या बुधाजींना म्हणाल्या, "इलो हो तुमचो झील."