गल्लीचं माप

मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक खुलासा करते. मी शिलाई मशीन नाही. मला खाली पायडल आहे, बाजूला चाक आहे, चामड्याचा पट्टा आहे आणि वर वाकलेला लोखंडी हात आहे, हे सगळे खरे. पण माझ्या हाताला सुई नसते. तिथे दोऱ्याइतके बारीक, दातेरी पाते ताणून बसवलेले असते आणि ते लाकूड कापते. मी एक जुनी नक्षीकामाची करवत आहे. शिकलेले लोक मला स्क्रोल सॉ म्हणतात. आजवर ज्यांनी ज्यांनी माझ्यापुढे पँट धरून 'जरा आखूड करून द्या' म्हटले, त्या सर्वांना मी माफ केले आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझा हात भट्टीत ओतला, चाक तासले, टेबल घासून गुळगुळीत केले. शेवटी एका कारागिराने पाते बसवले, ताणले आणि नखाने छेडले. टण्ण असा आवाज झाला. तो एवढेच म्हणाला, "हं, ही बोलते." तेव्हापासून मी बोलतेच आहे.

पाट्या बनवणाऱ्या एका गृहस्थांनी मला विकत नेले. घरांवरची आणि दुकानांवरची नावे ते लाकडातून कापून काढत. आपली अक्षरे या कामाला मोठी सोयीची. शिरोरेखेला धरून सगळी एकत्र राहतात. पंचाईत होते ती अनुस्वाराची. प्रत्येक टिंब वेगळे कापावे लागे आणि कापले रे कापले की ते टुणकन उडून कुठेतरी जाई. मालक गुडघ्यांवर बसून टिंब शोधत आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभे राहून घाई करी. तरी पाटी तयार झाली की तेच गिऱ्हाईक तिच्यावरून बोट फिरवून म्हणे, "काय सफाई आहे हो!" मग मालक माझ्या हातावर थाप मारत. मला फार बरे वाटे.

पुढे संगणकावर चालणारे यंत्र आले. ते म्हणे उजेडाने कापते. मालक थकले, त्यांच्या मुलाने मला जिन्याखाली ढकलले. माझ्या हातावर आधी ओली छत्री वाळत पडली, मग जुनी पोती आली, मग एका कोळ्याने तिथे संसार थाटला. चाक गंजले, पट्टा तडकला. एक दिवस भंगारवाल्याने मला हातगाडीवर घातले आणि आपल्या अंगणात तुटक्या सायकलींच्या शेजारी उभे केले. आता वितळायचे, अशी मी मनाची तयारी केली होती.

तिथे मला टीपबाई भेटल्या.

गणवेश शिवणाऱ्या मोठ्या कारखान्यात त्यांची हयात गेली होती. शिवणीच्या टाक्यांची सरळ ओळ म्हणजे टीप. बाईंची टीप इतकी सरळ की कारखान्यातल्या मुलींनी त्यांचे नावच टीपबाई पाडले. त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि लाकडाचे तुकडे शोधत त्या अंगणात आल्या होत्या. मला पाहून थांबल्या.

"ही कसली मशीन? सुई कुठेय हिची?"

"मावशी, ही लाकूड कापते," भंगारवाला म्हणाला.

"पायाने?"

"पायानेच की."

बाईंनी एक खोका पालथा घातला, त्यावर बसल्या आणि माझ्या पायडलवर पाय ठेवले. मी गंजलेली होते, कुरकुर केली. पण ते पाय मुरलेले होते. टाच कधी दाबायची आणि चवडा कधी, हे त्यांना सांगावे लागले नाही. दोन-चार हेलकाव्यांत माझे चाक फिरू लागले. "ही माझ्या घरी येणार," बाई म्हणाल्या, आणि मी आले.

आता त्यांना लाकूड कशाला कापायचे होते, ते सांगते. त्यांचे यजमान पोस्टमन होते. सगळे त्यांना पोस्टमनकाका म्हणत. त्या भागातले एकूण एक दार त्यांना पाठ होते. अर्धवट पत्ता लिहिलेले पत्रदेखील ते बरोबर घरी पोचवत. निवृत्तीनंतर त्यांची नजर हळूहळू गेली. आता फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळे. तरी काठी घेऊन फिरत होते. मग एकदा रस्त्यात खणलेल्या चरात त्यांचा पाय गेला. लागले काहीच नाही, पण चार ओळखीच्या माणसांनी त्यांना बखोटीला धरून वर काढले आणि "अरेरे, पोस्टमनकाका ना हे?" असे म्हटले. ते त्यांच्या जिव्हारी लागले. त्या दिवसापासून ते पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसले, ते बसलेच.

बाई म्हणाल्या, "मी येते ना तुमच्याबरोबर. हात धरा माझा."

"ज्या गल्ल्यांत मी लोकांची घरं शोधून दिली, तिथे आता मला हात धरून फिरवणार?" काका म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केले.

बाईंनी मनाशी ठरवले की यांना या खुर्चीतून उठवायचेच. त्यांनी आपल्या भागाचा एक नकाशा करायचे योजले. घरांचे ठोकळे वर आणि मधल्या गल्ल्या खोल, म्हणजे काकांनी बोट फिरवावे आणि पुन्हा धीर यावा. आधी त्यांनी तो कापडाचा केला, आत कापूस भरून. काकांनी हात लावला आणि विचारले, "हे गाव आहे की गादी?" कापसाला कड येईना. म्हणून लाकूड आणि म्हणून मी.

मागच्या गॅलरीत माझी जागा झाली. बाईंनी मला घासले, तेल पाजले, नवा पट्टा चढवला. दार उघडे असले की मला काकांची खुर्ची दिसे. मग आमचे शिक्षण सुरू झाले, आणि मित्रांनो, ते सोपे नव्हते. शिलाई मशीन कापड आपणहून पुढे ओढते. बाई फळी माझ्यापुढे ठेवून, पायडल मारत, मी ती ओढण्याची वाट बघत बसल्या. मी जागच्या जागी वरखाली! एकदा त्यांनी पाते उलटे बसवले, दाते वर. मग मी प्रत्येक झटक्याला फळी उचलून आपटू लागले. सून स्वयंपाकघरातून धावत आली. "आई, भूकंप झाला का?" पाती तर इतकी मोडली की विचारू नका. पण बाई मोडलेले पाते बाजूला टाकत, नवे लावत आणि म्हणत, "हं, चल." त्यांना रागही येत नसे आणि कंटाळाही येत नसे.

नकाशासाठी त्या स्वतः भर उन्हात गल्ल्या मोजून आल्या. गळ्यात शिंप्याचा टेप, हातात खाकी कागद. कोणीतरी विचारले, "कोणाचं माप घेताय?"

"गल्लीचं," बाई म्हणाल्या आणि टेप भिंतीला लावला.

खाकी कागदावर त्यांनी खाका काढला, अंगरख्याचा काढतात तसा. प्रत्येक गल्ली बोटभर रुंद, हिशेबात बसणारी. मग एकेक ठोकळा माझ्या पात्याखालून निघाला. मी जीव ओतून काम केले. सगळे ठोकळे तळाच्या फळीवर मांडून चिकटवले आणि बाईंनी तो नकाशा काकांच्या मांडीवर ठेवला.

काकांनी बोट फिरवले. इकडे फिरवले, तिकडे फिरवले. बोट कुठे शिरेचना.

"गल्ल्या कुठे आहेत?" त्यांनी विचारले.

बाईंनी स्वतः हात लावून पाहिला. ठोकळे एकमेकांना खेटून बसले होते. सगळ्या गल्ल्या बुजल्या होत्या. "राहू दे," काका म्हणाले. "माझ्यासाठी आता रस्ते बंदच आहेत." त्यांनी नकाशा मांडीवरून उतरवला. बाई गॅलरीत येऊन माझ्या टेबलावर डोके टेकून बसल्या. मला त्यांचे फार वाईट वाटले.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, कशाला ही दगदग? हे यंत्र देऊन टाकू. इथे बाबांना आरामखुर्ची ठेवतो. ऊन मिळेल."

माझे पाते थरथरले. बाईंनी मान वर केली.

"मला त्यांना खुर्चीतून उठवायचंय. दुसऱ्या खुर्चीत नाही बसवायचं."

दुसऱ्या दिवशी त्या नकाशा काखोटीला मारून कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेल्या आणि त्यालाच घेऊन आल्या. सुताराने खाका बघितला, ठोकळे बघितले आणि त्याला हसू आवरेना.

"मावशी, तुम्ही रेघेवर कापलंच नाही की. सगळीकडे बाहेरून कापलंय."

"म्हणजे काय! माया नको सोडायला?"

मित्रांनो, कापड कापताना शिवणीसाठी रेघेबाहेर थोडे जास्तीचे कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाईंनी जन्मभर प्रत्येक बाहीला, प्रत्येक कॉलरला माया सोडली होती. इथेही त्यांच्या हातांनी आपणहून सोडली. या बाजूच्या घरांना अर्धे बोट, त्या बाजूच्या घरांना अर्धे बोट, आणि मधली बोटभर गल्ली गडप!

"लाकडाला माया नसते मावशी," सुतार म्हणाला. "रेघ म्हणजे रेघ. रेघेवरच कापायचं."

"चाळीस वर्षं मुलींना ओरडले, माया सोडा, माया सोडा," बाई म्हणाल्या. "आता मलाच सोडायची नाही म्हणता." मग त्या स्वतःच हसल्या, पदर खोचला आणि खाका नव्या फळीवर चिकटवला.

दुसऱ्यांदा कापताना त्यांचे हात पुन्हा पुन्हा रेघेबाहेर सरकत. सवय ती सवय. त्या थांबत, हाताला दटावत, "अरे ए, रेघेवर चल," आणि पुन्हा पायडल मारत. बोटे आखडत, पाठ धरे. उठून उभ्या राहत, कंबर सरळ करत आणि परत बसत. अंगणातल्या तुटक्या सायकली आठवून मीही मोडणार नाही असे ठरवले होते. पाते मोडले तरी मी मोडणार नव्हते.

नकाशा झाला. या वेळी बाईंनी तो काकांच्या मांडीवर ठेवला नाही. शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि त्या आपल्या कामाला लागल्या, पण कान तिकडेच. मग काकांचा हात स्टुलावर गेला. एक बोट गल्लीत शिरले.

"हे आपलं दार," ते स्वतःशीच म्हणाले. "हा दवाखाना. हा पाण्याचा हौद." बोट चालत राहिले. दवाखान्यावरून शाळेकडे, शाळेवरून बेकरीकडे. तिथे थबकले, मागे आले, पुन्हा पुढे गेले.

"अगं ए! हे काय केलंस?"

बाईंच्या हातातले भांडे खाली पडता पडता राहिले. "काय झालं?"

"बेकरीच्या मागे गल्ली दोनदा वळते. तू एकदाच वळवलीस."

"एकदाच वळते."

"दोनदा! तिथे भिंत आहे बाहेर आलेली. मी तिथे जन्मभर पत्रं टाकली आहेत."

"आणि मी तिथे टेप लावलाय. एकदाच वळते."

"तुझा टेप गेला खड्ड्यात!"

"अहो, तुम्ही गेला होतात खड्ड्यात. टेप नाही."

सून दारात येऊन उभी राहिली. मला वाटले, झाले, बाई आता भलतेच बोलून बसल्या. मग काकांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार दिला आणि उठून उभे राहिले.

"माझ्या चपला कुठे आहेत?"

मुलगा काठी आणायला धावला. काकांनी काठी घेतली, पण मुलाचा हात बाजूला सारला. "तू नको. आमचं भांडण आहे." बाईंनी टेप गळ्यात अडकवला आणि दोघे बाहेर पडले. काका पुढे, बाई दोन पावले मागे. एवढेच मला गॅलरीतून दिसले.

पुढचे, ते दोघे परत आल्यावर, मी त्यांच्याच तोंडून ऐकले. काका नकाशातल्या बोटासारखे भिंतीच्या कडेने गेले, कुठेही चुकले नाहीत. बेकरीमागे भिंत शोधायला त्यांनी काठी पुढे केली तर काठी हवेत. भिंत पाडून गल्लीचे एक वळण काढून टाकले होते. बेकरीवाला बाहेर येऊन म्हणाला, "पोस्टमनकाका! किती दिवसांनी! अहो, भिंत गेली ना, झाली की दोन वर्षं."

"मला न विचारता पाडली," काका घरात शिरता शिरता कुरकुरत होते. ते घामाघूम झाले होते आणि त्यांचा आवाज पूर्वीसारखा मोठा झाला होता. पाणी पिऊन ते म्हणाले, "उद्या शाळेकडची बाजू बघू. तिथेही तू काहीतरी घोळ घातलाच असशील."

"घातला असेल," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग गॅलरीत येऊन मला तेल घातले.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे जुने यंत्र कोपऱ्यात पडले असेल. त्याच्यावर छत्र्या वाळत घालू नका. गंज पुसा, तेलाचे चार थेंब द्या, आणि मग त्याला काम द्या, कारण नुसत्या तेलाने आम्ही जगत नाही. आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला प्रत्येक वेळी "बसा, बसा" म्हणू नका. कधी त्याच्याशी चांगले कडकडून भांडा. आमच्या बाई अजून नवनव्या गल्ल्या कापतात आणि काका रोज त्यांच्यात चुका काढतात. सकाळ झाली की मी पुढच्या खोलीकडे कान लावून असते. "माझ्या चपला कुठे आहेत?" हे ऐकायला मिळणार असेल, तर हवी तितकी पाती मोडून घ्यायला मी तयार आहे.